एकोणीस मिनिटं

फहाहीलमध्ये तिसऱ्या मजल्यावर
आमचं वॉशिंग मशीन दर शुक्रवारी अडतं
ते एकोणीसवर.
एकोणीस मिनिटं बाकी, असा आकडा धरून
नुसतं गुरगुरत बसतं.
पंप चालू, नळी कोरडी, दार कुलूपबंद.
आत चौघांचे निळे बॉयलर सूट,
बाह्यांत बाह्या अडकवून
गोळा झालेले.

पहिल्या शुक्रवारी फिल्टर उघडला.
वाळू निघाली,
पन्नास फिल्सचं नाणं,
आणि केसांची गुलाबी पिन, फुलपाखराची,
जी आम्हा चौघांपैकी कुणाची असणं शक्य नव्हतं.
मशीन जुन्या बाजारातलं, पस्तीस दिनारांचं.
फॅमिलीचं आहे, विकणारा म्हणाला होता,
म्हणजे नीट वापरलेलं, असं आम्ही समजलो.
पिन खिडकीत ठेवली. मशीन चाललं.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा एकोणीस.
शौकत म्हणाला, इथं थंडच्या नळालाच चहाचं पाणी येतं,
डोकं फिरणारच त्याचं.
झारापकरने नळी उंच करून पाहिली, मग खाली,
मग मोरीत फार आत गेलीय म्हणून
वीतभर बाहेर ओढली.
मयेकर रात्रपाळीचा,
तो पांघरुणातूनच विचारायचा, झाले का कपडे?

तिसऱ्या शुक्रवारी उस्ताद रिफअत आला.
पंप बदलला. बारा दिनार.
चहात चार चमचे साखर घेतली,
खलास म्हणाला,
आणि जाताना मशीनवर थाप मारली,
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

चौथा शुक्रवार. एकोणीस.

मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचा माणूस.
टाकीत तेल किती, ते टाकीला विचारायचं नसतं.
बाजूला एक बारीक नळी असते,
तिच्यातला दाब सांगतो.
ती तुंबली की रिकामी टाकी भरलेली दिसते
आणि कंट्रोल रूममधली शहाणी माणसं
त्या भरलेलीवर विश्वास ठेवून बसतात.
बावीस वर्षं मी या नळ्या साफ करतोय.
नवीन पोरांकडून हे तोंडपाठ करून घेतो.

संध्याकाळी दाभोळला फोन केला.
मैमुनाला सगळं सांगितलं, बारा दिनार सोडून.
तिकडे मिक्सर चालू होता,
तो थांबेपर्यंत ती थांबली.
मग म्हणाली,
"पाणी गेलंय म्हणता ना?
मग गेलंय हे त्याला कुणी सांगितलंय का?"

मी बराच वेळ काही बोललो नाही.
ती दोनदा हॅलो म्हणाली.

वरचं झाकण काढलं.
होतीच ती तिथं, पेन्सिलीएवढी काळी रबरी नळी,
ड्रमच्या पोटापासून वर
एका डबीकडे गेलेली.
उपसून फुंकली. काही नाही.
गाल दुखेपर्यंत फुंकली.
मग फट्.
बेसिनमध्ये पडला
मसुराएवढा गोळा,
साबण, वाळू आणि निळं सूत.
शौकत म्हणाला, एवढंच?
झारापकरने बोटावर घेऊन त्याचा वास घेतला,
कुणास ठाऊक का.
बावीस वर्षांबद्दल कुणी काही बोललं नाही,
हे त्यांचे उपकार.

साडेदहा वाजता आकडा हलला.
अठरा.
मशीन फिरायला लागलं तसं फरशीवर सरकू लागलं,
खालच्या सीरियन बाईने
झाडूच्या दांड्याने छत ठोकलं,
म्हणून आम्ही चौघांनी चारी कोपरे दाबून धरले.
होय, मयेकरसुद्धा, लुंगीवर.

फोन घेतला. दाभोळात एक वाजला असेल.
परत खिशात ठेवला.
तेरा. बारा.

मयेकर खिडकीकडे बघत म्हणाला,
ती पिन कुणाची आहे रे?
तिच्यावर चार आठवड्यांची धूळ होती.
कुणी हात काढला नाही.
अकरा.